यादीतून गळलेल्या लेकरांचं काय?

धारणी तालुक्यातल्या एक आशाताई विचारतात: तीन वर्षांपूर्वी लेकरांच्या मनाच्या तब्येतीच्या अभ्यासात आमच्या गावची ६० लेकरं घेतली, आता ३८च सापडतात. तेवढ्यांचेच फॉर्म भरले तर चालते ना?

ताई, भरा, पण त्या २२ जणांची नावं खोडू नका. दिवाळी झाली की जे घर कुलूप लावून कामाला बाहेर जाते तिथंच कर्ज जास्त, शाळा सुटणं जास्त, मायची दुखणी जास्त, म्हणजे जे लेकरू रात्री दचकून उठते तेच नेमकं कागदावरून गळते आन रिपोर्ट म्हणते गावात सगळं ठीक आहे! इंग्लंडात ब्रिस्टलकडं १९९१-९२ पासून चालू असलेल्या एव्हॉनच्या अभ्यासातही गरीब घरची अन् वागणुकीच्या अडचणी असलेली मुलंच जास्त गळाली. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये मात्र १९७२-७३ मध्ये जन्मलेली १०३७ मुलं घेतली होती, ती ४५ वर्षांची झाली तरी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के हजर, कारण परदेशात गेलेल्यांनाही अभ्यासवाले आपल्या खर्चानं बोलावतात. आपल्याकडं तेवढा पैसा कुठला, पण होळीला मेळघाटातली माणसं घरी येतातच की, तुमची फेरी त्याच आठवड्यात ठेवायला सांगा, अन् आजी नाहीतर मामाचा मोबाईल नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

दारव्ह्याचे एक गुरुजी: सॅम्पल मोठा घेतला की हा दोष जाते का?

नाही जात गुरुजी. काटाच मारलेला असला तर एक क्विंटल कापूस मोजा का शंभर, खोट त्याच हिशोबात राहते. नॉर्वेच्या माय-लेकरांच्या अभ्यासात लाखावर लेकरं आहेत, पण बोलावलेल्यांपैकी साधारण ४१ टक्केच आया आल्या, अन् त्यात कमी वयाच्या, एकट्या राहणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या आया कमी पडल्या. अन् तुम्ही शाळेच्या हजेरीवरून यादी काढाल तर शाळा सोडलेलं पोरगं सुरुवातीलाच बाहेर.

वर्ध्याची एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी: मग असे अभ्यास वाचायचेच नाहीत का?

वाच ना बाई, फक्त काय विचारतेस ते बघ. एव्हॉनच्याच आकड्यांवर तपासलं तेव्हा दिसलं की गळतीमुळं त्रास असलेल्या मुलांचं प्रमाण कमी दिसते, पण कशामुळं त्रास वाढते हा संबंध फारसा हलत नाही. म्हणून "शंभरात किती" हा आकडा जपून घे. गळालेल्यांसारखीच जी लेकरं सापडली त्यांना हिशोबात जास्त वजन देऊन दुरुस्ती करता येते, पण गळालेल्यांची पहिल्या फेरीची माहिती असली तरच, म्हणून मायची झोप, घरचं कर्ज, स्थलांतर हे सगळं तेव्हाच विचार, अन् किती लेकरं गळाली ते थिसिसच्या पहिल्याच तक्त्यात टाक.