गुणोत्तर वाढले म्हणजे आशा संपली का?

जठराच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक अलीकडे माझ्याकडे समुपदेशनासाठी एकच काळजी वारंवार घेऊन येतात. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमधील न्यूट्रोफिलच्या टक्क्यांना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी भागायचे (या दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी), आलेले गुणोत्तर इंटरनेटवर सापडलेल्या एखाद्या मर्यादेशी ताडून पाहायचे आणि रात्र जागून काढायची, असा त्यांचा क्रम असतो.

अशाच एका मुलीने वडिलांच्या तपासण्यांची वही माझ्यासमोर उघडली. तीनच्या वर गेलेला प्रत्येक आकडा लाल शाईने दोनदा अधोरेखित केलेला होता. आधी ६८ भागिले २२, म्हणजे ३.१, नंतर ८४ भागिले ११, म्हणजे ७.६.

“मॅडम, हे दुपटीहून जास्त झालं. आता बाबांचं काय?”

दिलासा देण्याची घाई मी करत नाही, म्हणून जे खरे आहे ते आधी मान्य केले. शस्त्रक्रियेपूर्वी हे गुणोत्तर किंवा सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन) जास्त असलेल्या, तसेच अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन कमी असलेल्या रुग्णांच्या गटांत आजाराची वाटचाल सरासरीने अधिक बिकट राहिल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र हे विधान गटाविषयीचे आहे, एका माणसाविषयीचे नव्हे. मर्यादाही प्रत्येक अभ्यासात वेगळी असते. शिवाय आजाराची स्टेज गाठीची खोली, बाधित लसिकाग्रंथी आणि इतरत्र झालेला प्रसार यांवरून ठरते. तिच्यात या गुणोत्तराला स्थान नाही.

मग मी विचारले, “८४ टक्के आले, त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं?”

“केमो. उलट्या होऊ नयेत म्हणून आधी डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं होतं.”

हे औषध स्टेरॉइड आहे. त्याने न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. जंतुसंसर्गातही गुणोत्तर चढते, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जाते. तिच्या वडिलांच्या बाबतीत कारण कोणते, हे सांगणे माझे काम नव्हते. “डॉक्टरांना विचारलंत का?” एवढेच मी म्हटले.

ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. “ते खरं सांगतील, याची भीती वाटते. आकड्यांना विचारलं तर ते पुढे काही बोलत नाहीत.”

माणसाला घटनेपेक्षा तिला चिकटवलेला अर्थ अधिक छळतो, या विचाराने मी वर्षानुवर्षे काम करत आले आहे. पण भागाकार हा प्रश्न टाळण्याचा मार्ग असू शकतो, हे मला त्या क्षणी नेमके उमगले. आता असे कोणी आले की हिशोब खोडून काढण्यात मी वेळ घालवत नाही. न विचारलेला प्रश्न कोणता, ते आधी शोधते. माझ्या मते अर्धे समुपदेशन तिथेच होते.

आम्ही डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिले : स्टेज कोणती, किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांपैकी किती बाधित होत्या, उपचारांचा हेतू आजार बरा करण्याचा की आटोक्यात ठेवण्याचा, रक्त कोणत्या दिवशी तपासले तर तुलना योग्य ठरेल. वजन आणि अल्ब्युमिन यांबाबत आहारतज्ज्ञांना भेटण्याचेही ठरले. कारण दाहाइतकाच खाणे घटण्याचा प्रश्नही तिथे महत्त्वाचा असतो. असे प्रश्न प्रत्येक कुटुंबाने लिहूनच न्यावेत, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मे विसरले जातात.

एक प्रश्न मात्र वडिलांसाठी होता : त्यांना स्वतःला किती जाणून घ्यायचे आहे? तिने विचारल्यावर ते म्हणाले, “सगळं. आणि डॉक्टरांकडे जाताना मला वगळू नका.” पुढच्या भेटीला दोघे एकत्र गेले.