मुलगा पाचवीत आहे, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) निघाला. शाळा म्हणते सगळ्या सवलती घेऊन टाका. घ्याव्यात का?

ताई, शाळेने एका बैठकीत आयईपी, रेमेडियल, रायटर, शॅडो टीचर असे शब्द धडाधड सांगून फॉर्म पुढे केला आणि तुम्ही सही न करता घरी आलात, हे फार चांगलं केलंत. मी चौदा वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते, त्या अनुभवावरून लिहिते.

'सवलत' या एकाच शब्दात आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि पालकांना ते कुणी फोड करून सांगत नाही. एकीत अभ्यास तोच, प्रश्न तेच, फक्त सोय करून दिलेली असते: जादा वेळ, पेपर वाचून दाखवणं, लेखनिक (म्हणजेच रायटर, मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा), शुद्धलेखनाचे गुण न कापणं. याला अकोमोडेशन म्हणतात. दुसरीत अभ्यासच कमी किंवा सोपा करतात, ते मॉडिफिकेशन. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेणं हे या दुसऱ्या प्रकारातलं. पहिला प्रकार निःशंक घ्या. दुसऱ्यासाठी मात्र घाई नको, कारण नेहमीचं गणित सोडलं की पुढे सायन्स, डिप्लोमा सगळंच अवघड होऊन बसतं. पाचवीत तर तो विषय काढायचंही कारण नाही.

माझ्याकडे असाच पाचवीतला एक मुलगा यायचा. 'पंचवीस' म्हटलं की ५२ लिहायचा. गणित त्याच्या डोक्यात शिरत नाही, अशी घरच्यांची खात्री झालेली. शेजारी बसून पाहिलं तेव्हा कळलं, पंचवीसमध्ये कानावर पाच आधी पडतात म्हणून तो पाच आधी लिहितो. 'वीस आणि पाच' म्हटलं की बरोबर २५. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! माझ्या विद्यार्थ्यांना त्या पद्धतीचा खरंच उपयोग होतो.) वाचताना घ चा ध, भ चा म व्हायचा, त्यामुळे शाब्दिक उदाहरण पहिल्याच ओळीत अडायचं. मी वाचून दाखवलं की तोंडी उत्तर अचूक. अशा मुलाला सोपं गणित देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आयईपी म्हणजे वैयक्तिक शिक्षण योजना. त्यात 'वाचन सुधारेल' असं लिहिलेलं असेल तर तो कागद परत करा. 'दिवाळीपर्यंत जोडाक्षरं असलेला आठ ओळींचा उतारा न अडखळता वाचेल' असं हवं, आणि कोण शिकवणार, कधी तपासणार हेही हवं. रेमेडियल म्हणजे शिकवणी नव्हे, वाचन-लेखनाची मूळ कौशल्यं वेगळ्या पद्धतीने शिकवण्याचा तास. तिथे गृहपाठ उरकत बसले तर मुलाचा तास फुकट गेला. शॅडो टीचर बहुधा स्वमग्न मुलांना वर्गात सोबत म्हणून लागते. नुसता डिस्लेक्सिया असेल तर तिची गरज का, ते शाळेला स्पष्ट विचारा.

लेखनिकाची सवय आधीपासून लावावी लागते. माझी एक विद्यार्थिनी पहिल्यांदा लेखनिकासमोर बसली आणि कितीतरी वेळ गप्पच राहिली. उत्तर येत होतं, पण वाक्य मनात जुळवून दुसऱ्याला सांगायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. घरी रोज एक उत्तर तुमच्या मुलाला सांगू द्या, तुम्ही लिहा, तो सांगेल तसंच.

डिस्लेक्सियाच्या सर्टिफिकेटमुळे शिक्का बसेल ही तुमची भीती मला समजते. पण डिस्लेक्सिया ज्यात मोडतो ती अध्ययन अक्षमता १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या २१ प्रकारांत ती आली, म्हणून आज तुम्ही हक्काने मागू शकता. बोर्डासाठी शासनमान्य रुग्णालयाचं सर्टिफिकेट लागतं, खाजगी रिपोर्टवर भागत नाही. डोळे-कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित, असे बरेच हेलपाटे होतात, तेव्हा नववी-दहावीपर्यंत थांबू नका. आणि मुलाला सांगा की बुद्धी ठीक असते तेव्हाच हे निदान होतं. हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि तो मनातल्या मनात स्वतःला ढ समजत असतो.

आज एवढं करा: त्याच्या पुस्तकातली पाच शाब्दिक उदाहरणं वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या. किती बरोबर आली ते इथे लिहा, मग फॉर्ममधल्या गणिताच्या रकान्याबद्दल बोलू.