गोलरक्षकाने परदेशी केव्हा जावे?

प्रश्न : माझा मुलगा 16 वर्षांचा असून कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून गोलरक्षक म्हणून खेळतो. उंची सहा फूट आहे. एका गृहस्थांनी युरोपातील क्लबमध्ये चाचणी मिळवून देतो, असे सांगून चार लाख रुपये मागितले आहेत. भारतीय गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू असाच परदेशी गेला आणि मोठा झाला, असे ते म्हणतात. पैसे द्यावेत का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : देऊ नयेत. आपल्या मुलाच्या गुणवत्तेविषयी मला शंका नाही, पण त्याचे वयच या व्यवहाराच्या आड येते. अठरा वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशातील क्लबकडे नोंदणी करण्यास फिफाच्या नियमांनी मनाई केली आहे. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले असतील, अशा काही मोजक्या परिस्थितींचा त्याला अपवाद आहे. सोळा ते अठरा वयोगटासाठी असलेली सवलत युरोपीय देशांमधील आपसातल्या बदलीपुरती आहे आणि ती कोल्हापूरच्या मुलाला लागू पडत नाही. म्हणजे चाचणी उत्तम झाली, तरी करार होणार नाही. शिवाय ज्या क्लबला खेळाडू खरोखर हवा असतो, तो त्याच्या पालकांकडे पैसे मागत नाही. उलट परदेशी क्लबने तरुण खेळाडूशी पहिला व्यावसायिक करार केला, तर बाराव्या वर्षापासून त्याला घडवणाऱ्या क्लबांना सर्वसाधारणपणे त्या परदेशी क्लबनेच प्रशिक्षणाची भरपाई द्यायची असते. पैसा कोणत्या दिशेने जातो आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

आता गुरप्रीतविषयी. तो सोळाव्या वर्षी परदेशी गेला नाही. त्याचा जन्म 1992 मधला. चंदीगडच्या सेंट स्टीफन्स अकादमीत तो घडला, तेथून कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला, मध्यंतरी पैलान अॅरोज या तरुणांच्या संघाकडून खेळला, आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेतील स्टाबेक या क्लबशी त्याने करार केला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. भारताच्या वरिष्ठ संघाबरोबरचा अनुभवही तोवर त्याच्या गाठीशी होता. पायऱ्यांचा हा क्रम आपल्या मुलालाही उपलब्ध आहे. पेठांच्या लढती पाहायला शाहू स्टेडियम भरून जाते, त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, ही गोष्ट तुमच्या पेठेत कोणाला सांगावी लागणार नाही.

अठराव्या वर्षानंतर असा प्रस्ताव पुन्हा आलाच, तर एजंटकडे फिफाचा परवाना आहे का ते तपासा, आणि निमंत्रणाचे पत्र खरे आहे की नाही, हे क्लबच्या अधिकृत पत्त्यावर लिहून स्वतः विचारा.

प्रश्न : गुरप्रीत नॉर्वेत तीन वर्षे होता, पण लीगमध्ये फारसा खेळलाच नाही. मग त्या तीन वर्षांचे एवढे कौतुक कशासाठी? बाकावर बसायला इतके दूर कशाला जायचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि त्यातील माहितीही खरी आहे. लीगमधील पहिला सामना त्याला 2016 च्या मे महिन्यात मिळाला, म्हणजे करारानंतर जवळजवळ पावणेदोन वर्षांनी. त्याआधी तो मुख्यतः चषक स्पर्धेतच दिसला, कारण पहिल्या पसंतीचा गोलरक्षक आयव्हरी कोस्टचा सायूबा मांदे होता. 30 जून 2016 रोजी वेल्समधील कॉनाज क्वे नोमॅड्सविरुद्ध युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तो उतरला आणि त्या स्पर्धेत खेळणारा पहिला भारतीय ठरला. ही नोंद वृत्तपत्रांत ठळकपणे आली. मला मात्र तिच्याआधीचे रिकामे महिने अधिक महत्त्वाचे वाटतात.

आघाडीच्या खेळाडूला शेवटची दहा मिनिटे तरी मिळतात, बचावपटूला मधल्या फळीत खेळवून पाहता येते. गोलरक्षकाची जागा एकच, आणि त्या जागेवरचा माणूस जखमी झाला नाही किंवा सपशेल चुकत राहिला नाही, तर प्रशिक्षक त्याला हलवत नाही, कारण त्याच्या आणि बचावफळीच्या समजुतीवर अख्खा संघ उभा असतो. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाची कारकीर्द सामन्यांच्या आकड्यांतून वाचता येत नाही. सुब्रतो पाल 2014 मध्ये डेन्मार्कच्या वेस्टशेलंड क्लबकडे गेला, तेव्हा तो भारताचा सर्वांत नावाजलेला गोलरक्षक होता, तरी मुख्य संघाकडून एकही अधिकृत सामना न खेळता त्याला परतावे लागले. गोलरक्षक धीरजसिंग मोइरांगथेम 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकानंतर स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबपर्यंत पोहोचला, पण तेथे त्याचा करार होऊ शकला नाही. त्यांचे कौशल्य कमी होते, असे यावरून ठरत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाने कतारच्या अल रय्यान क्लबला शून्य-शून्य असे रोखले, तेव्हा गोलात धीरजच होता.

गुरप्रीतने त्या तीन वर्षांत काय मिळवले, हे पाहायचे तर गोलरक्षकाचे काम कसे बदलले, ते लक्षात घ्यावे लागेल. सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने मागे दिलेला चेंडू हाताने धरण्यास 1992 मध्ये, म्हणजे त्याच्या जन्मवर्षीच, बंदी आली आणि गोलरक्षकाला पायानेही खेळणे भाग पडले. युरोपात दररोजच्या सरावात अंगावर धावून येणाऱ्या खेळाडूला चुकवून चेंडू पुढे देणे, क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेकडून उंचावरून आलेले चेंडू, धिप्पाड खेळाडूंच्या गर्दीत शिरून पकडणे, थंडीत कृत्रिम गवतावर झेपावणे हे सारे करावेच लागते, मग रविवारी आपण बाकावर असू किंवा गोलात. त्या वेगाची सवय सामन्याविनाही अंगात भिनते. फक्त मन कडवट होऊ न देता रोज मैदानावर उतरण्याची ताकद हवी, आणि ती प्रत्येकाला साधत नाही, हेही मान्य करायला हवे.

त्याचे फळ आपल्याच मातीवर दिसले. 3 सप्टेंबर 2016 रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने प्युर्तो रिकोला 4-1 असे हरवले, तेव्हा कर्णधाराची पट्टी गुरप्रीतच्या दंडावर होती. 2017 मध्ये तो बेंगळुरू एफसीकडे आला आणि 2019 च्या मार्चमध्ये त्याच अंधेरीत एफसी गोवाला अंतिम सामन्यात 1-0 असे नमवून त्याच्या संघाने इंडियन सुपर लीग जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारने हल्ल्यांमागून हल्ले केले, तरी त्यांना एकही गोल करता आला नाही; त्या रात्री कर्णधारही तोच होता. ज्या उंचीच्या आणि वेगाच्या खेळाडूंना आपले गोलरक्षक एरवी वर्षातून दोनतीनदाच भेटतात, त्यांच्याशी त्याची तीन वर्षे रोज गाठ पडत होती. म्हणून मी ती वर्षे वाया गेली असे मानत नाही. त्यातून गोलरक्षकाचे आयुष्यही मोठे असते. इटलीचा दिनो झोफ 1982 मध्ये विश्वचषक जिंकणारा कर्णधार ठरला, तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. पंचविशीपर्यंत वाट पाहणे या जागेवर परवडते. मैदानाच्या कडेने धावणाऱ्या विंगरला कदाचित परवडणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी गोलरक्षक आहे आणि यंदा पदवीधर होईल. मुलींसाठी परदेशात असा काही मार्ग आहे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आहे, आणि तो शिक्षणातून जातो. अदिती चौहान क्रीडा व्यवस्थापन शिकण्यासाठी इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात गेली, तेथील संघात खेळली आणि 2015 मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात दाखल झाली. पहिल्याच सामन्यात कॉव्हेंट्रीने तिच्या संघावर पाच गोल केले. तरीही ती 2018 पर्यंत त्या क्लबबरोबर राहिली. व्हिसा विद्यार्थिनी म्हणून मिळतो आणि फुटबॉल थांबला तरी पदवी हाती राहते, हा या वाटेचा मोठा आधार आहे. मात्र विद्यार्थी व्हिसावर मानधन घेऊन खेळण्यास बंधने असतात, तेव्हा त्या अटी आधी नीट वाचाव्यात. अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाच्या प्रशिक्षकांना पत्र लिहा, सोबत मुलीच्या पूर्ण सामन्यांचे चित्रीकरण पाठवा, केवळ अडवलेल्या फटक्यांचे तुकडे नकोत; आणि त्यांच्या संघात सध्या किती गोलरक्षक आहेत व त्यांपैकी किती जणी येत्या वर्षी शिक्षण संपवून बाहेर पडणार आहेत, हे त्याच पत्रात स्पष्ट विचारा.