जुना मॅसी ३५ घेतला? आधी इंजिन ओळख

भाऊ, काटोलकडचा जुना मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर घेतला ते मस्तच केलं, पण कलर-बिलरच्या आधी बॉनेट उघड अन् डिझेल पंपातून इंजेक्टरला जाणारे पाइप मोज, एका सिलिंडरला एक असतो. चार असले तर ते स्टँडर्ड कंपनीचं २३-सी इंजिन, सुरुवातीच्या डिझेल ३५ ला हेच यायचं अन् थंडीत सुरू व्हायला लय नखरे, तिकडे इंग्लंडातले शेतकरी पार वैतागले होते. म्हणून मग १९५९ च्या शेवटी पर्किन्सचं तीन सिलिंडरवालं बसवलं, १५२ क्युबिक इंच म्हणजे साधारण अडीच लिटर, अन् पर्किन्स कंपनीच त्या वर्षी मॅसीनं विकत घेतली होती. माझ्या मते ३५ ची खरी इज्जत इथून सुरू. चेन्नईच्या सिम्पसननं पर्किन्सच्या लायसन्सवर इंजिनं बनवली, त्यामुळे तीनवालं निघालं तर पार्टची आशा जास्त.

बॉनेटवरच्या बिल्ल्यावर काहून भरोसा ठेवतो, इतक्या वर्षांत इंजिनच बदललेलं असू शकते. इंजिनच्या ब्लॉकवरचा, म्हणजे मुख्य ओतीव सांगाड्यावरचा, नंबर डिझेलच्या फडक्यानं पूस, ग्रीसचा थर निघाला की आकडे दिसतात, फोटो काढ अन् आरसीशी जुळव. वायर ब्रश नको मारू बरं, आकडेच उडतात. जुळलं नाही तर ब्लॉक कोणता ते पक्कं होईस्तोवर गॅस्केट सेट (इंजिनच्या जोडांत बसणारी पॅकिंगं) घेऊच नको, दुकानदार वापस घेत नाही.