‘घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल ना, ताई?’

जळगावला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली हा प्रश्न विचारतात. रस्त्यात पोरं टॉन्ट मारतात, शिट्ट्या वाजवतात, गाडी मागे आणतात. पण या मुलींना त्या पोरांपेक्षा घरच्यांचीच धास्ती जास्त असते. चोपडा तालुक्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती १९ वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पोट दुखतं म्हणून सारखं कॉलेज बुडत होतं. डॉक्टरांना काही सापडेना, म्हणून आई घेऊन आली. आमच्याकडे मे महिन्याच्या उन्हात प्रत्येकीच्या तोंडाला स्कार्फ असतो. ही डिसेंबरात, माझ्या खोलीत बसूनही तो सोडत नव्हती.

आईला बाहेर बसवल्यावर बोलली. फाट्यावर सकाळी एसटीची वाट बघताना समोरच्या टपरीवर तिघं असतात. आधी गाणी म्हणायचे, मग तिच्या कपड्यांवर, चालण्यावर बोलायला लागले. आता त्यातला एक एसटीमागे मोटरसायकल घेऊन कॉलेजच्या गेटपर्यंत येतो.

मैत्रीण हसून म्हणाली होती, “तुला बघून बोलतात म्हणजे तू छान दिसतेस.” चुलतबहीण म्हणाली, लक्ष देऊ नको. मुलगी गोंधळली होती. मैत्रिणीला गंमत वाटते, मग मलाच का पोटात गोळा येतो? मी विचारलं, “वडील सोडायला येतात त्या दिवशी काय होतं?” थोडा वेळ थांबून म्हणाली, “त्या दिवशी कोणीच काही बोलत नाही.” ते कौतुक असतं तर वडिलांसमोर बंद झालं नसतं. आपण काय करतोय ते त्या पोरांना पक्कं ठाऊक होतं.

“मग मी उलटून का बोलले नाही?” ही तिची दुसरी बोच. भीती वाटली की कोणी पळतं, कोणी भांडतं आणि कितीतरी जण जागच्या जागी थिजतात. थिजणं म्हणजे संमती नव्हे, भित्रेपणाही नव्हे. सुरुवातीच्या वर्षांत मीही मुलींना ‘दुर्लक्ष कर’ सांगत असे. आता सांगत नाही, कारण दुर्लक्ष करायला सांगितलं की मुलगी घरी बोलायचीच थांबते.

तिच्या संमतीने आधी आईला आत बोलावलं. “मी तिले सांगेल व्हतं, खाली मान घालीसन चाल,” आई म्हणाली. मग बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली आणि हळूच म्हणाली, “मनी शाळा बी यानामुयेच सुटनी व्हती. सातवीमा.” आईचीही शाळा याच त्रासामुळे सुटली होती, हे मुलीने पहिल्यांदाच ऐकलं.

पुढच्या भेटीला केळीची कापणी सोडून वडील आले. “परीक्षेपुरती जाईल,” हे त्यांचं पहिलं वाक्य. भाऊ त्या पोरांच्या तंगड्या तोडायच्या गोष्टी करत होता. मी त्याला म्हटलं, गुन्हा तुझ्यावर दाखल होईल आणि ‘माझ्यामुळे झालं’ हे ओझं हिच्या डोक्यावर बसेल. वडिलांना मात्र बायकोनेच सातवीची गोष्ट सांगितली. त्यानंतर ‘परीक्षेपुरती’ हा विषय निघाला नाही.

मग कामाचं बोललो. तारीख, वेळ, नेमके शब्द, गाडीचा नंबर हे सगळं तिने वहीत लिहायला घेतलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी कलम ७८ आहे, स्त्रीचा अपमान करणाऱ्या शब्द-हावभावांसाठी ७९, आणि लैंगिक शेरेबाजी ७५ मध्ये येते. अशी तक्रार महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते. तातडीची वेळ आली तर ११२ वर फोन. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा लागतो.

तक्रार करायची की नाही हे तिनेच ठरवलं. वडील ठाण्यात शेजारी बसले, बोलली ती. मोटरसायकल थांबली. टपरीवरचे दोघं अजून असतात, पण फाट्यावर आता पाच मुली एकत्र उभ्या राहतात.

आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे: काही घडायची वाट न बघता आजच मुलीला शब्द द्या, “तू काहीही सांगितलंस तरी तुझं शिक्षण बंद होणार नाही.”

मागच्या भेटीत तिने स्कार्फ सोडून बाजूला ठेवला होता. निघताना दारात थांबली. “ताई, पुढच्या वेळी मैत्रिणीला आणू? ती हसायची ना, तिला तुमच्याशी बोलायचंय.”