ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला, पण भरपाई कोणाकडून?

कपाशीची वेचणी सुरू झाली की रस्त्यांवर जिनिंगच्या गाड्या, वरुड-मोर्शीकडचे संत्र्याचे ट्रक आणि वणी-घुग्घूस पट्ट्यातले कोळशाचे टिप्पर यांची गर्दी होते. या दिवसांत आलेल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य असतंच : ‘ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला आहे.’ तो व्हायलाच हवा. पण त्या खटल्यातून भरपाई मिळत नाही. तिचा दावा वेगळा असतो. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मालक आणि विमा कंपनीविरुद्ध चालतो.

प्रश्न : माझे मिस्टर (वय ३४) रात्री पांढरकवड्याहून मोटरसायकलनं येताना रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकवर मागून आदळले आणि जागीच गेले. पोलिसांनी चूक त्यांचीच दाखवली. ट्रकमालक ५० हजार देतो म्हणतो, स्टॅम्पपेपरवर सही मागतो. पदरात दोन लेकरं आणि सासू आहे. सही करू का?

उत्तर : नाही, ताई. सही करू नका. लेकरं अज्ञान (१८ वर्षांखालची) आहेत, त्यांचा हक्क न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणालाही सोडता येत नाही, तुम्हालाही नाही.

‘उभ्या गाडीची काय चूक’ हा बचाव फार ऐकायला मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवता येत नाही. गाडी बंद पडली तर मागचे दिवे चालू हवेत, लाल रिफ्लेक्टर दिसायला हवेत, मागे काही अंतरावर त्रिकोणी फलक हवा. आपल्याकडे काय होतं? ड्रायव्हर बाभळीची फांदी तोडून टाकतो, चार दगड मांडतो. अंधारात ते दिसत नाहीत, आणि ट्रक निघून गेला तरी दगड तिथेच राहतात, दुसऱ्याचा जीव घ्यायला. म्हणून पंचनाम्याची नक्कल घ्या. ट्रक रस्त्यावर किती होता, साइडपट्टीवर किती, मागचा दिवा होता का, हे त्यात लिहिलंय का ते बघा. पहिल्या तासाभरात गावातल्या पोरांनी मोबाइलवर काढलेले फोटो शोधा, त्यात ट्रकची मागची बाजू दिसते. पोलिसांनी चूक कोणाची लिहिली हा शेवटचा शब्द नसतो. न्यायाधिकरण पुरावा स्वतः तपासतं, आणि तुमच्या मिस्टरांचा निष्काळजीपणा होता असं विमा कंपनी म्हणत असेल तर ते सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर.

आता हिशेब बघा. त्यांची कमाई महिना १५ हजार होती असं धरू. वय ४० च्या आत आणि स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगाराची, कायम नसलेली नोकरी असेल, तर पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरतात (सर्वोच्च न्यायालय, २०१७) : २१ हजार. मागे चार माणसं अवलंबून, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. ही रक्कम किती पट करायची तो आकडा, म्हणजे गुणक, वयावरून ठरतो; चौतिसाव्या वर्षाला तो १६. झाले ३०,२४,०००, शिवाय अंत्यविधी आणि कुटुंबाच्या सहवासाचे पैसे वेगळे. न्यायाधिकरणानं निम्मी चूक त्यांची धरली तरी पंधरा लाखांच्या वर रक्कम जाते. त्यापुढे ५० हजार किती, हे तुम्हीच ठरवा.

उशीर मात्र करू नका. अपघातापासून सहा महिन्यांत दावा टाकायची मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही टाकता येतो.

प्रश्न : वेचणीच्या बाया घेऊन जाणारा पिकअप नाल्यात उलटला. माझ्या आईचा खुबा मोडला. विमा कंपनी म्हणते, आमचा संबंध नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : दुर्दैवानं बहुतांशी बरोबर आहे. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी सोबत असेल तर त्याला विम्याचं संरक्षण आहे. नुसतं बसवून नेलेल्या माणसांना ते नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच स्पष्ट केलं. काही प्रकरणांत न्यायालयं ‘आधी कंपनीनं द्यावं, मग मालकाकडून वसूल करावं’ असा आदेश देतात. वकिलामार्फत तो जरूर मागा, पण मिळेलच असं धरून चालू नका. गाडीमालक मात्र सुटत नाही. त्याच्याविरुद्ध निवाडा झाला आणि त्यानं पैसे भरले नाहीत, तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्याची शेती, दुसऱ्या गाड्या यांची माहिती आत्ताच जमवा. आणि पिकअपला दुसऱ्या ट्रकनं धडक दिल्यानं तो उलटला असेल, तर गोष्ट पूर्ण बदलते : त्या ट्रकच्या विमा कंपनीसाठी तुमची आई त्रयस्थ व्यक्ती, तिथे हा बचाव चालत नाही.

वावरमालकांना हात जोडून सांगणं आहे : बायांना न्यायला प्रवासी परवान्याची गाडी करा. भाडं थोडं जास्त पडेल. पण उभं राहून, एकमेकींचे खांदे धरून निघालेल्या त्या बायांच्या मागे आज कोणतीच पॉलिसी उभी नाही.

प्रश्न : भावाला कोळशाच्या टिप्परनं उडवलं आणि पळून गेला. नंबर कोणाला माहीत नाही. पाय मोडलाय. काही मिळेल का?

उत्तर : आधी टिप्पर शोधा. कोळशाची गाडी वजनकाट्यावरून पावती घेऊनच निघते, तिच्यावर नंबर आणि वेळ असते. काटा, टोलनाका, पेट्रोल पंप यांचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवायचा लेखी अर्ज लगेच ठाणेदारांकडे द्या आणि पोच घ्या. गाडी सापडलीच नाही तर ‘हिट अँड रन’ योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. अर्ज अपघात झालेल्या भागातल्या एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसील कार्यालयात. आमच्या भागात किती जण हा अर्जच करत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : मी ट्रक ड्रायव्हर. सलग दोन रात्री कोळसा वाहिला, तिसऱ्या पहाटे डुलकी लागली, गाडी पलटी. माझा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मालक म्हणतो, चूक तुझी.

उत्तर : भाऊ, स्वतःच्याच चुकीमुळे न्यायाधिकरणातला निष्काळजीपणाचा दावा टिकणार नाही, हे खरं. पण तुम्ही कामगार आहात. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई कामगार भरपाईच्या कायद्याखाली मिळते, आणि तिथे चूक कोणाची हे बघत नाहीत. (दारू पिऊन चालवत असाल तर अडचण येऊ शकते.) ती देणं मालकाचं काम, आणि पगारी ड्रायव्हरची ही जबाबदारी ट्रकच्या सक्तीच्या विम्यातच येते. अपंगत्वाचे टक्के ठरवताना नुसता पाय किती गेला हे न बघता तुमचा रोजगार किती गेला हे बघायला सांगा. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डावा हात गमावलेल्या सुताराला शंभर टक्के अपंग धरलं, कारण एका हातानं सुतारकाम होत नाही. एका पायावर ट्रकही चालत नाही.

दोन रात्रींची ती ड्युटीही लेखी मांडा. कायदा ड्रायव्हरला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगतो. फेरीमागे पैसे लावून माणसाला झोपू न देणारा मालक ‘चूक तुझी’ म्हणतो तेव्हा मला संताप येतो. वजनकाट्याच्या पावत्या, फास्टॅगच्या नोंदी, मालकाचे कॉल : तुम्ही किती तास जागे होतात ते यातून निघतं.

प्रश्न : ट्रक दोन वर्षांपूर्वी नोटरी करून विकला. आता त्यानं अपघात केला आणि नोटीस मला आली.

उत्तर : आरसीवर नाव तुमचं, म्हणून कायद्यानं मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल हेच सांगतो. न्यायाधिकरणात हजर राहा, त्या दिवशी विमा चालू होता का ते तपासा, नोटरीच्या आधारे घेणाऱ्यालाही पक्षकार करायला लावा. ज्यांनी अशी गाडी विकली आहे आणि अजून काही घडलेलं नाही, त्यांनी याच आठवड्यात फॉर्म २९ आणि ३० आरटीओत द्यावेत, आणि नाव बदलेपर्यंत तिचा विमा खंडित होऊ देऊ नये.