पाजताना दुखते म्हणून पाजणे थांबवावे का?

प्रश्न : माझे हे पहिलेच बाळंतपण असून सांगलीत प्रसूती झाल्यानंतर मी तासगाव तालुक्यातील माहेरी आले आहे. बाळ १२ दिवसांचे आहे. चौथ्या दिवसापासून दोन्ही स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत आणि बाळाने तोंड लावले की डोळ्यांतून पाणी येते. आई म्हणते, पहिलटकरणीला असे होतेच, सोसायचे असते. मालिशवाल्या मावशींनी तुपात हळद कालवून लावायला सांगितली. शेजारच्या वहिनी म्हणतात, दोन दिवस बाटली द्या आणि जखम भरू द्या. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने फरक पडला नाही. आता बाळ रडू लागले की मला धडकीच भरते. मी काय करावे?

उत्तर : मासिक छापून येईपर्यंत तुमचे बाळ महिन्याचे झालेले असेल, त्यामुळे तुम्हाला पत्राने आधीच कळवले आहे, येथे तेच थोडे विस्ताराने मांडते, कारण याच आशयाची पत्रे आमच्याकडे सतत येतात.

तुमच्या आईचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. पहिल्या आठवड्यात बाळ ओढू लागताच काही क्षण कळ येणे आणि दूध वाहू लागल्यावर ती ओसरणे हे पुष्कळ स्त्रियांना होते आणि बहुधा आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप थांबते. परंतु जी वेदना पाजणे संपेपर्यंत टिकते, जिच्यामुळे चिरा पडतात किंवा रक्त येते, ती सोसण्याची बाब नसून तपासण्याची बाब आहे. अशा वेदनेचे सर्वांत मोठे कारण म्हणजे बाळाने स्तन उथळ पकडलेला असणे. स्तनाग्र बाळाच्या तोंडात पुरेसे आत, म्हणजे टाळूच्या मागच्या मऊ भागापर्यंत पोहोचले, तर त्यावर दाब येत नाही. ते पुढेच राहिले तर जीभ आणि पुढची कठीण टाळू यांच्यामध्ये दर वेळी चिरडले जाते. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजायचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे वरून कितीही चांगले मलम लावले तरी जखम का भरत नाही, हे कळेल. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. बाळाने तोंड सोडल्याबरोबर स्तनाग्राकडे पाहा : ते गोल असेल तर पकड ठीक आहे, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखे एका बाजूने तिरपे दबलेले असेल किंवा त्यावर पांढरी रेघ उमटलेली असेल, तर पकड चुकते आहे.

आता पाजण्याची पद्धत. आपल्याकडे बाळंतीण मांडी घालून बसते, बाळ मांडीत खाली राहते आणि ती त्याच्यावर वाकून पाजते. यात पाठ तर जातेच, पण स्तन वरून लोंबता राहिल्याने बाळाच्या तोंडात जेमतेम टोक येते. त्याऐवजी भिंतीला पाठ टेकून बसा, मांडीवर गोधडीची जाड घडी ठेवा आणि बाळाला स्तनाच्या उंचीला आणा. त्याचे पोट तुमच्या पोटाला लागलेले असावे. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असावी, मान वळलेली नसावी. तुमचा हात त्याच्या डोक्यामागे नको, खांद्यांमागे आणि मानेच्या तळाशी हवा, कारण डोके दाबले की बाळ उलट मागे रेटते. त्याचे नाक स्तनाग्रासमोर येऊ द्या, वरच्या ओठाला स्तनाग्राचा नुसता स्पर्श करा आणि थांबा. हे थांबणेच बहुतेकींना जमत नाही. बाळ रडते म्हणून अर्धवट उघडलेल्या तोंडात घाईने स्तन दिला जातो आणि तेथेच घोटाळा होतो. बाळ जांभई देताना उघडते तेवढे तोंड उघडले की त्या क्षणी त्याला पटकन जवळ घ्या, म्हणजे हनुवटी आधी स्तनाला टेकेल आणि खालचा ओठ स्तनाग्रापासून दूर लागेल. पकड नीट बसल्यावर खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसतो, हनुवटी स्तनात रुतलेली आणि नाक मोकळे असते आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त, खालच्या ओठाकडे कमी दिसतो. गाल आत ओढले जात असतील किंवा चटचट आवाज येत असेल, तर पुन्हा सुरुवात करा. मात्र तसेच ओढून काढू नका. स्वच्छ धुतलेली करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हलकेच आत घाला, हवा शिरली की ते आपोआप सोडते. ओठ नीट मुडपला आहे की नाही हे तुम्हाला वरून दिसत नाही, तेव्हा पती भेटायला आले की त्यांना बाजूला बसवून खालून पाहायला सांगा. कामातून तेवढा वेळ नक्की निघतो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते आणि स्तन दाटून कडक होतात, हेही तुमच्या पत्रातील चौथ्या दिवसाशी जुळते. कडक झालेला भाग बाळाच्या तोंडात मावत नाही. पाजण्यापूर्वी हाताने थोडे दूध काढून काळसर भाग मऊ करून घेतला की पकड सोपी जाते.

वरून काय लावावे, याला मी मुद्दाम नंतर घेतले. स्तनाग्रांच्या वेदनेवरील उपचारांचा जो मोठा आढावा २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला, त्यात कोणतेही एक मलम दुसऱ्यापेक्षा निर्विवाद सरस आढळले नाही आणि कोणताही उपचार केला तरी बहुतेक स्त्रियांची वेदना प्रसूतीनंतर साधारण ७ ते १० दिवसांत सौम्य झाली. तेव्हा फार खर्च करू नका. पाजून झाल्यावर आपलेच दोन थेंब दूध स्तनाग्रावर पसरून वाळू द्यावे किंवा शुद्ध लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचा) पातळ थर लावावा. लॅनोलिन पुढच्या वेळी पुसावे लागत नाही. तुपाचे जाड लेपन केले तर बाळाचे तोंड निसटते आणि उघड्या चिरेत घरची हळद भरणे मला पटत नाही. मध तर मुळीच लावू नये, कारण एक वर्षाखालील बाळाच्या पोटात मध गेल्यास बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. प्रत्येक वेळी साबणाने किंवा जंतुनाशकाने धुणे थांबवा, रोजच्या आंघोळीचे पाणी पुरेसे आहे. दुधाने भिजलेले कापड स्तनाला चिकटू देऊ नका. दुखणे फार असल्यास नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल अंगावर पाजणाऱ्या आईला चालते.

वहिनींच्या सल्ल्याबाबत मात्र स्पष्ट नकार. दोन दिवस पाजणे बंद ठेवल्यास दूध साठून गाठी येतील, नंतर ते कमी होऊ लागेल, आणि बाटलीचे बूच चोखायला शिकलेले बाळ स्तन आणखी उथळ पकडेल. कमी दुखणाऱ्या बाजूने आधी पाजा. एखाद्या बाजूला तोंड लावू देणे अगदीच अशक्य झाले, तर त्या बाजूचे दूध दिवसभर हाताने काढा आणि वाटी-चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने बाळाला द्या.

आशाताईंच्या गृहभेटी दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या असतात. तुमची नोंद सासरच्या गावी असेल, तर माहेरच्या आशाताईंना आपण आल्याचे कळवा आणि भेटीच्या वेळी त्यांच्यासमोरच बाळाला पाजा. वजनही करून घ्या. पाचव्या दिवसानंतर बाळ २४ तासांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचे वजन भरून निघाले असेल, तर दूध पुरते आहे. पकड सुधारूनही दुखणे राहिले, तर बाळाची जीभ खाली चिकटलेली आहे का, हे बालरोगतज्ज्ञांना पाहू द्या. स्तनाचा एखादा भाग लाल, गरम आणि कडक होऊन थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाजणे तेव्हाही चालू ठेवायचे असते. मालिशवाल्या मावशींना गाठ जोराने रगडू देऊ नका, त्याने सूज वाढते; थंड पाण्याच्या घडीने अधिक आराम पडतो.

प्रश्न : आम्ही महाबळेश्वरला राहतो. बाळ सात आठवड्यांचे आहे. चिरा नाहीत, पण पाजून झाले की स्तनाग्र पांढरे पडते, मग निळसर होते आणि पुढे काही वेळ ठणकत राहते. पहाटे जास्त होते. बुरशी म्हणून दोनदा औषध घेतले, उपयोग नाही.

उत्तर : तुम्ही रंगबदलाचे जे वर्णन केले आहे, त्यावरून येथे बुरशीपेक्षा रक्तवाहिन्या आकसण्याची शक्यता मला अधिक वाटते. बुरशीत स्तनाग्र बहुधा गुलाबी, चकचकीत किंवा पापुद्रे सुटलेले दिसते, जळजळ होते, आणि बाळाच्या जिभेवर व गालांच्या आत पुसून न निघणारे पांढरे चट्टे असू शकतात. तसे असेल तर आई आणि बाळ दोघांना एकदमच औषध घ्यावे लागते. तुमच्या बाबतीत गारठा हे मुख्य निमित्त दिसते. चुकीच्या पकडीमुळे दबूनही स्तनाग्र पांढरे पडते, म्हणून ती आधी तपासा. बाळाने सोडताच कोरडे उबदार कापड लावून स्तन झाका. दूध लावून उघडे वाळवण्याचा वरचा सल्ला तुमच्यासाठी नाही. पहाटे पाजण्यापूर्वी स्वेटर किंवा शाल अंगावर असू द्या. आणखी एक विचारावेसे वाटते, कारण या भागात ते उघडपणे बोलले जात नाही : मिश्री लावत असाल तर ती सोडा. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि दुधातूनही उतरते. नाक चोंदल्यावर दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांमधील काही घटकही असेच वागतात. एवढे करून थांबले नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना रंगबदलाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवा. त्यावर औषध आहे, पण ते त्यांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

प्रश्न : माझी सून कराडला आमच्याजवळच आहे. तिच्या स्तनाग्रातून रक्त येते आणि काल बाळाच्या उलटीत लाल रेषा दिसल्या. असे दूध पाजावे का?

उत्तर : सासूबाईंनी सुनेसाठी पत्र लिहावे, याचा आनंद वाटला. चिरेतून आलेले थोडे रक्त पोटात गेल्याने बाळाला अपाय होत नाही. उलटीत लाल रेषा किंवा शीमध्ये काळसर छटा त्यामुळे दिसू शकते. सूनबाईंनी पाजणे चालू ठेवावे आणि पकड वरीलप्रमाणे सुधारावी. मात्र गरोदरपणातील तपासणीत एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी आढळला असेल, तर रक्त येत असलेल्या बाजूने पाजू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. स्तनावर कोठेही जखम नसताना बाळाच्या उलटीत किंवा शीत रक्त दिसले, उलटी हिरवी झाली किंवा बाळ मलूल होऊन ओढेनासे झाले, तर पत्राच्या उत्तराची वाट न पाहता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.